‘आपल्याकडे हे चालत नाही’ म्हणणाऱ्या साहेबांस

मा. कार्यक्रमप्रमुख साहेब,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहायला हात धजावत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

तुमचं नाव घेत नाही, कारण वाहिनी बदलते, खुर्चीतला माणूस बदलतो आणि वाक्य तेच राहतं : ‘विज्ञानकथा आपल्याकडे चालत नाही.’ या वाक्याने मराठीतल्या कितीतरी मालिका जन्माआधीच मारल्या. त्याचा जाब विचारायला हे खुलं पत्र लिहितोय.

अमेरिकेत 1966 साली ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली आणि तीन वर्षांत बंदही पडली. तरी तिचा गोतावळा अजून वाढतोच आहे. मला त्यात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती न झालेल्या मालिकांची. 1968 मध्ये दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात गॅरी सेव्हन नावाचं पात्र आलं. परग्रहावर वाढवलेला हा माणूस पृथ्वीला स्वतःचाच नाश करून घेण्यापासून वाचवायला न्यूयॉर्कमधल्या एका ऑफिसात येऊन बसतो. ‘असाइनमेंट : अर्थ’ नावाची वेगळी मालिका त्यातून काढायची होती, पण ती कुणी घेतली नाही. पुढे 1977 मध्ये ‘स्टार ट्रेक’चीच ‘फेज टू’ ही नवी मालिका ठरली. सेट उभे राहू लागले, संहिता लिहिल्या गेल्या, झॉन नावाच्या नव्या व्हल्कन पात्रासाठी नटसुद्धा निवडला गेला, आणि मालिका रद्द झाली.

पण पुढचं ऐका. तिच्या पहिल्या भागाच्या कथेवर 1979 चा चित्रपट उभा राहिला. ‘द चाइल्ड’ नावाची पडून राहिलेली संहिता 1988 मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेत भाग होऊन आली. ‘फेज टू’मधल्या डेकर आणि इलिया या जोडीतून ‘नेक्स्ट जनरेशन’मधले रायकर आणि ट्रॉय घडले. तिथे नाकारलेला कागद कुणीतरी जपून ठेवला होता. तुम्ही नाकारण्याजोगा कागदही तयार होऊ देत नाही. लेखक दारात उभा असतानाच तुमचं वाक्य येतं.

‘मराठीत तसं लिहिणारे कुठे आहेत?’ हे तुमचं दुसरं वाक्य. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं, आणि लेखक जयंत नारळीकर निघाले. त्यांच्या आगेमागे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे लिहीत होते. पन्नास वर्षांचा साठा आहे हा. नारळीकर 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 20 मे 2025 रोजी गेले. सर हयात असताना त्यांच्या कथाविश्वावर वर्षानुवर्षं चालेल अशी एक मराठी मालिका उभी करता आली असती. ती संधी तुम्ही घालवली आणि तिची भरपाई आता होणार नाही.

एकच कथा घ्या : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात जिथे 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती चाटून गेली आणि मराठे जिंकले. गायतोंडे त्या जगातल्या मुंबईत हिंडतात, ग्रंथालयात बसून इतिहास कुठे फुटला ते शोधतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात या कथेचा धडा झाला. देशभरच्या मुलांनी ती वाचली. तुम्हाला मात्र तिच्यात मालिका दिसली नाही! खर्चाचं कारण तर इथे सांगूच नका. पगड्या, वाडे, घोडे, तलवारी, दरबार हे सगळं ऐतिहासिक मालिकांसाठी तुम्ही आधीच उभं करता. ही मालिका त्याच गोदामातून निघते.

आणि तिला फुटणाऱ्या शाखांचा विचार करा. इतिहासातला प्रत्येक फाटा म्हणजे एक उपमालिका. मी मनवेलपाड्यात राहतो, म्हणून मला पहिली सुचते ती वसईची. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेचे सुरुंग वसईच्या तटाखाली पेटलेच नसते तर? गोव्यासारखा आमचा हा पट्टा 1961 पर्यंत पोर्तुगीज राहिला असता का? दादर–विरार प्रवासाला पारपत्र लागलं असतं का? कादोडी आणि वाडवळी बोलणाऱ्या घरांत आज कुठली भाषा असती? हा प्रश्न इथल्या माणसांच्या अंगातला आहे. त्याचं उत्तर रंगवायला लेखक इथेच मिळतील, आणि किल्ला तर अजून उभा आहे.

दुसरी शाखा तारापूरची. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आमच्या पालघर जिल्ह्यात 1969 साली सुरू झालं, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. अणूच्या शेजारी जगणाऱ्या मच्छीमार घराच्या तीन पिढ्या, आणि चौथी 2069 मधली. यात कौटुंबिक मालिका आहे, विज्ञान आहे आणि आजवर कुणी नीट न ऐकलेली माणसं आहेत. मला विचाराल तर हीच सगळ्यांत आधी व्हावी.

गॅरी सेव्हन तर विरारला फुकट मिळतो. परग्रहाने पाठवलेला माणूस मनवेलपाड्यातल्या चाळीत खोली घेऊन राहील, पहाटेची लोकल पकडेल, रात्री परतेल. शेजारी महिनोन्‌महिने त्याला पाहणारसुद्धा नाहीत. यान लागत नाही, रबरी मुखवटे लागत नाहीत. लागतो तो चांगला नट आणि पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या इमारतीत घडणारी, नीट लिहिलेली गोष्ट.

‘प्रेक्षकाला कळणार नाही’ हे तुमचं शेवटचं आणि सर्वांत अपमानकारक वाक्य. तो अपमान माझ्या इमारतीतल्या प्रत्येक घराचा आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताच्या मालिकेचं दुसरं पर्व पहिल्याच्या आधीच्या काळात घडत होतं. काळ मागे नेलेला प्रेक्षकाला कळला, आवडला, तिसरं पर्वही आलं. भुतासाठी काळ उलटा फिरवलेला ज्याला समजतो, त्याला गंगाधरपंतांचं दुसरं जग समजणार नाही, हे तुम्ही कशाच्या जोरावर ठरवलंत? ‘इंद्रधनुष’ आणि ‘कॅप्टन व्योम’ दूरदर्शनवर हिंदीत आल्या, तेव्हा मराठी घरांतली मुलंही त्या बघत होती. ती मुलं आता चाळिशीत आहेत, त्यांच्या हातात रिमोट आहे आणि त्यांची पोरं परदेशी मालिका इंग्रजीत बघतायत.

मागणी छोटी आहे. वर्षातून एक पायलट करा, एका तासाचा, रविवारी. नाहीच जमलं तर निदान लेखकांना संहिता पुरी लिहू द्या, मानधन द्या, वाचा, आणि नाकारायची असेल तर कारण लिहून नाकारा. तो कागद मात्र फाडू नका. मराठी विज्ञान परिषदेकडे नाहीतर एखाद्या ग्रंथालयाकडे द्या. तुमच्या खुर्चीत उद्या येणाऱ्याला तो सापडायला हवा.

आपला,
एक प्रेक्षक
मनवेलपाडा, विरार (पूर्व)