विंचवाचं बिऱ्हाड दाभोशाला

भाऊबीज झाली, फराळाचे डबे निम्म्यावर आले आणि बोरिवलीच्या एका तिसऱ्या मजल्यावर बाबांनी जाहीर केलं की यंदा हॉटेल नाही. यंदा कॅम्परव्हॅन. झोपायचं गाडीत, जेवायचं गाडीत आणि बाकीचंही गाडीतच. ‘बाकीचंही’ म्हणताना त्यांनी आवाज जरा खाली आणला, तेवढ्यावरून आजींना काय ते कळलं. “म्हणजे घरातून निघायचं आणि घरातच बसायचं,” असं म्हणून त्या पुन्हा वाती वळायला लागल्या.

बाबांनी अभ्यास केला होता. हा त्यांचा जुना आजार. मिक्सर घ्यायचा तरी ते आधी मिक्सरचा इतिहास वाचतात. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात सिंगल अ‍ॅक्सल, ट्विन अ‍ॅक्सल, टेंट ट्रेलर, फोल्डिंग अशी गाड्यांची कुळी दिली आहे, हे सगळं त्यांनी चार दिवस जेवताना ऐकवलं. त्याच वर्षी केरळनेही असंच धोरण काढलं आणि त्याला ‘केराव्हॅन’ असं झोकदार नाव दिलं. नावं ठेवण्यात मराठी माणूस एरवी कुणाला हार जात नाही, पण इथे मात्र आपण ‘कॅराव्हॅन पर्यटन धोरण’ एवढ्यावरच भागवलं.

कॅराव्हॅनच्या या हौसेचा मूळपुरुष मानला जातो तो विल्यम गॉर्डन स्टेबल्स, ब्रिटिश नौदलातला निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक. त्याने 1885 साली ‘द वाँडरर’ नावाची लाकडी गाडी खास बांधून घेतली. वजन जवळजवळ दोन टन, ओढायला दोन घोडे. बरोबर गाडीवान, नोकर, कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकराचं काम असं की तीनचाकी सायकलवर बसून पुढे जायचं आणि समोरून येणाऱ्यांना सांगायचं, सावध राहा, मागून घर येतंय.

बोरिवलीच्या घरात नोकर नव्हता. ते काम चिरंजीवांकडे गेलं.

गाडी आली शुक्रवारी सकाळी सहाला. एका टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात सोफा, ओटा, सिंक, छोटा फ्रिज आणि कपाटाएवढं शौचालय बसवलेलं. सोफा ओढला की पलंग होतो, पलंग ढकलला की टेबल बाहेर येतं, आणि टेबल मिटल्याशिवाय फ्रिजचं दार उघडत नाही. जाहिरातीत ‘पाच जणांची झोपण्याची सोय’ लिहिलं होतं. ती खरीच होती, फक्त त्या पाचांपैकी दोघांनी इयत्ता चौथीच्या पुढे गेलेलं चालणार नव्हतं. शिवाय सहावा माणूस म्हणजे ड्रायव्हर. त्याने कुठे झोपायचं, याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं.

ड्रायव्हरदादा फलटणकडचे. त्यांनी गाडीभोवती फिरणाऱ्या बाबांकडे समंजसपणे पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, मी धा वर्षं दिंडीच्या ट्रकवर होतो. चाळीस मानसांचं बिऱ्हाड असायचं. पाल, भांडी, गॅस, टाळ-मृदंग, समदं. ही तर खेळण्यातली हाय.” आषाढीच्या वाटेवर माणसांच्या पुढेमागे असे ट्रक चालतात, पुढच्या मुक्कामाला आधी पोचून पाल ठोकतात, पिठलं रटरटत ठेवतात. बाबांचा अभ्यास इंग्लंडपर्यंत जाऊन आला होता, पण वाटेत पंढरपूर लागलं नव्हतं.

सामान चढलं. पोळपाट-लाटणं, कुकर, मिसळणाचा डबा, दोन सतरंज्या, चकल्या, अनारसे, आजींचे डबीतले देव. आईंनी शेवटच्या क्षणी घरचं कुकरचं दुसरं भांडंही आणलं, असावं म्हणून. शौचालयाचं दार उघडून बाबांनी त्याचं प्रात्यक्षिक दिलं आणि करारातलं बारीक अक्षरांतलं कलम वाचून दाखवलं: खालची पेटी ग्राहकाने स्वतः रिकामी करून परत द्यावी. गाडीत शांतता पसरली. मग कुणीही काही न बोलता त्या शौचालयात चपला, घडीच्या खुर्च्या आणि कांद्याची पिशवी ठेवण्यात आली. शेवटपर्यंत ती तिथेच राहिली. पेट्रोलपंप, हॉटेल, जव्हारच्या राजवाड्याजवळचं स्वच्छतागृह, जिथे जिथे संधी मिळाली तिथे तिथे कुटुंब एकदिलाने उतरलं.

सोसायटीच्या कमानीतून गाडी बाहेर काढताना चिरंजीव पुढे उभे राहून “येऊ द्या, येऊ द्या” करत होते. त्यांचं लक्ष चाकांकडे होतं. गाडीच्या टपावर एसीचं खोकं आहे आणि कमानीत सोसायटीचा आकाशकंदील टांगलेला आहे, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकत्र आल्या नाहीत. गाडी सुटली. महामार्गावर मुंबईकर जेवढ्या वेगाने जाऊ शकतो तेवढ्या, म्हणजे फारशा नाहीच, वेगाने दहिसर गेलं, वर्सोव्याचा खाडीपूल गेला, विरार फाटा गेला. मनोरला मस्तान नाक्यावर चहाला थांबले, तेव्हा टपरीवाल्याने वर पाहत विचारलं, “दिवाळी संपली ना हो?” पाच फुटी केशरी कंदील, झिरमिळ्यांसकट, एसीच्या खोक्यात अडकून जवळजवळ सत्तर किलोमीटर आला होता.

गाडीत ओटा, गॅस, कुकर सगळं असताना नाष्ट्याला वडापाव झाला. धावत्या गाडीत कढई ठेवता येत नाही आणि थांबलेल्या गाडीत ठेवण्याएवढा धीर कुणाला नसतो.

मनोरहून उजवीकडे वळलं की विक्रमगड, आणि पुढे चढ. जव्हार साधारण पंधराशे फुटांवर आहे. महाबळेश्वरचा दिमाख नाही, माथेरानची गर्दी नाही. मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा झाडीत शांतपणे उभा असतो. गावाजवळ शिरपामाळ आहे. 1664 साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम पडला, जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांना शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ, असं सांगतात. बाबा गाडीच्या शिडीवर उभे राहून हे सांगत होते. स्वराज्याची फौज घोड्यांवर बिऱ्हाड टाकून सुरतेपर्यंत गेली, आणि इथे पाच माणसांना सतरंजी सापडत नव्हती. ती कांद्यांखाली होती.

खरा घोळ पाण्याचा झाला. टाकी शंभर लिटरची. बाबांनी हिशेब केला होता की शंभर लिटर म्हणजे पुष्कळ. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावं असा सरकारी दंडक आहे, म्हणजे पाच माणसांना 675. घरी मोजून कोण वापरतं? इथे जव्हार यायच्या आत मुलांनी हात धुतले, आईंनी वडापावच्या चटणीचे डाग काढले, आजींनी देव धुतले आणि सिंकचा नळ टिपं गाळायला लागला. आजी म्हणाल्या, “एक बादली म्हणजे वीस लिटर. पाच जणांच्या पाच बादल्या. यात घोळ काय आहे? आंघोळ एकदा केली की टाकी संपली.” बाबांचा एक्सेलमधला तक्ता एका वाक्यात निकालात निघाला.

दाभोसा जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर, सेलवासच्या बाजूला. लेंडी नदी इथे साधारण तीनशे फूट खाली झेप घेते. पावसाळ्यात समोर उभं राहवत नाही म्हणतात. दिवाळीनंतर धार बारीक होते, पण काळ्या कातळावरून ती सरळ सुटते आणि खालच्या डोहावर आपटल्याचा आवाज वरच्या रस्त्यापर्यंत येतो. खाली उतरायला पायऱ्या आहेत. त्या उतरताना मोजायच्या नसतात, चढताना आपोआप मोजल्या जातात. डोह दिसतो त्यापेक्षा खोल आहे, त्यामुळे पाय भिजवून परत फिरणं शहाणपणाचं. बाबांनी तेवढंच केलं, आणि वर आल्यावर अर्धा तास ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. कुटुंबाच्या मते सहलीतला तो सर्वांत रम्य अर्धा तास.

रात्रीचा मुक्काम गावातल्या एका घराच्या अंगणात, विचारून, परवानगीने. जागा सपाट वाटत होती. आडवं झाल्यावर कळलं की गाडी पुढे कललेली आहे आणि सगळ्यांची डोकी पायांपेक्षा खाली आहेत. यावर परदेशात प्लास्टिकचे उतरते ठोकळे मिळतात. ड्रायव्हरदादांनी पुढच्या चाकांखाली दोन चपटे दगड सारले आणि काम झालं. एसी बॅटरीवर चालत नाही, त्याला बाहेरून वीज लागते, हेही तेव्हाच समजलं. पण नोव्हेंबरातली जव्हारची रात्र, एसी हवा कुणाला होता? हव्या होत्या त्या गोधड्या, आणि त्या बोरिवलीत राहिल्या होत्या. घरधनीणबाईंनी दोन वाकळा आणून दिल्या. देताना त्यांनी आत डोकावून पाहिलं, सोफा पाहिला, त्यावरचे पाच जण पाहिले आणि म्हणाल्या, “पडवीत जागा आहे की. अशे का कोंबून घेता?”

आजी तत्काळ पडवीत गेल्या. पाठोपाठ आई आणि मुलं. व्हॅनमध्ये बाबा एकटे उरले, कारण पैसे त्यांनी भरले होते. पुढच्या सीटवर ड्रायव्हरदादा घोरत होते. धबधब्याचा आवाज ऐकत झोपायचं असं बाबांनी ठरवलं होतं. आवाज रात्रभर आला, फक्त धबधब्याचाच होता असं सांगता येणार नाही.

सकाळी मोखाड्याच्या दिशेला निघाले. सूर्यमाळ पाहायचं, खोडाळ्याजवळचं देवबांधचं गणपती मंदिर करायचं आणि कसाऱ्यावरून परतायचं असा बेत. मोखाड्याच्या अलीकडे एका वळणावर गाडी थांबवली, तर पलीकडे एक टेम्पो उभा. तोही बिऱ्हाडाचा. गाठोडी, हंडे, पत्र्याची पेटी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, एक शेळी, तीन कुटुंबं आणि त्यांची पोरं. चालले होते भिवंडीकडे, वीटभट्टीवर. भातकापणी, दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी घरं अशी कुलूप लावून निघतात. आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडत पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीवर राहायचं. परतीचं भाडं कधी सुटतं, कधी नाही.

दोन्ही गाड्यांतली माणसं एकमेकांच्या गाड्यांकडे पाहत राहिली. मग टेम्पोतली एक बाई उतरून आली आणि तिने आजींना विचारलं, चूल कुठे आहे? आजींनी ओटा दाखवला. पाणी? आजींनी टाकी दाखवली. “किती हंडे?” आजींनी बोटांवर मोजलं. “सात-आठ.” बाई म्हणाली, “दोन दिवस जातील आमचे.” टेम्पोतल्या एका पोराची नजर टपावरच्या कंदिलावरून हलत नव्हती. ड्रायव्हरदादांनी कुणाला न विचारता वर चढून तो सोडवला आणि टेम्पोच्या मागच्या दांडीला बांधून दिला. तिकडच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. केशरी झिरमिळ्या हलवत टेम्पो वळणाआड गेला.

बाबा यावर काही बोलले नाहीत. इतिहासही सांगितला नाही.

हिशेब नंतर झाला. व्हॅनच्या दोन दिवसांच्या भाड्यात जव्हारला साध्या हॉटेलच्या चार खोल्या निघाल्या असत्या, वर जेवण. गाडी परत देताना शौचालय कोरं करकरीत असल्याबद्दल तपासनीसाने कुटुंबाचं कौतुक केलं आणि सिंकमध्ये अडकलेल्या चकलीच्या तुकड्यांबद्दल डिपॉझिटमधून पैसे कापले. सोसायटीच्या पुढच्या बिलात ‘इतर’ या सदराखाली कंदिलाची रक्कम आली. ती बाबांनी एका शब्दाने न भांडता भरली, याचं सेक्रेटरींना अजून आश्चर्य वाटतं.

कुणाला अशी गाडी घेऊन जायचंच असेल तर डिसेंबर उजाडायच्या आत दाभोसा गाठावा. गोधड्या न्याव्यात. आणि पाण्याची टाकी मुंबईतच गळ्यापर्यंत भरून घ्यावी, तिकडे मागू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मुंबईला दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो.