खणाचे कान

हेडफोनचा आवाज शाबूत राहतो, आधी जाते ती त्याची कातडी. जाहिरात तिला ‘प्रीमियम लेदर’ म्हणते. असतं ते कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेन. घाम आणि दमट हवा त्याचे रेणू तोडत राहतात, आणि मुंबईचे काही पावसाळे काढले की माणूस कानशिलांवर काळे पापुद्रे मिरवत मीटिंगला बसतो. नव्या गाद्या मागाव्यात, तर उत्तर तयार: मॉडेल बंद झालं, नवा हेडफोनच घ्या ना!

मग घरचं शिवणाचं मशीन बाहेर निघतं. खणाचा तुकडा, जुन्या उशीतला फोम, कडेला इलॅस्टिक. गोम अशी की सुती कापडातून हवा निसटते आणि पहिला बळी जातो खर्जाचा. तबल्यातला डग्गा रुसतो, चाट तेवढी उरते. म्हणून बाहेरच्या कडेला रेक्झिनची पट्टी लावायची. (तीही कधीतरी तडकेलच, पण उरलेलं रेक्झिन आपल्याच कपाटात असतं, मॉडेल बंद व्हायची भीती नाही.)

कॉलवर कुणी विचारलंच, “लिमिटेड एडिशन का?” तर खुशाल हो म्हणावं. किंमत चार आकडी सांगावी.