मुळेचा हद्दभंग

मुळशी तालुक्यातील पाण्याचा सर्वांत गंभीर दोष असा की, त्याला हद्द कळत नाही; आणि या दोषावर उपाय म्हणून शासनाने हद्दींची संख्या वाढवत नेली असली, तरी पाण्याच्या वर्तनात सुधारणा आढळत नाही. घाटमाथ्यावर पडलेले पाणी पाणलोटाचा, म्हणजे ज्या उतारांवरून ते एकाच ओढ्याकडे वा नदीकडे गोळा होते त्या क्षेत्राचा, नियम पाळते. कार्यालये सातबाऱ्याचा आणि अधिसूचनेचा नियम पाळतात. आणि या दोन नियमांची गाठ केवळ पुराच्या दिवशी पडते.

पाण्याला हद्द ओलांडण्याची सवय मात्र माणसानेच लावली, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालेच, आणि पूर्वेकडे भीमेमार्गे कृष्णेला मिळणारे मुळा नदीचे पाणी सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यात भिऱ्याला वीज निर्माण करून कुंडलिकेत आणि पुढे अरबी समुद्रात जाऊ लागले. कोलाडच्या ज्या फेसाळ प्रवाहात पर्यटक राफ्टिंग करतात, तो मुळशीच्या बुडालेल्या भातखाचरांवरून आलेला असतो, याची नोंद तिकिटावर नसते. कृष्णेच्या पाण्याच्या तंट्यावर नेमलेल्या बचावत लवादाने टाटांच्या साऱ्या धरणांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मर्यादा घातली. तीन राज्यांच्या तंट्यात पाण्याचे माप असे चोख निघते. याच तालुक्यातील हिंजवडीच्या ओढ्याची रुंदी मात्र अद्याप निर्विवाद ठरत नाही.

हा ओढा प्रशासकीय दृष्ट्या मोठा उद्योगी आहे. आयटी पार्कमध्ये तो औद्योगिक विकास महामंडळाचा असतो, बाहेर पडताच नियोजनापुरता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) होतो, गावठाणाशेजारी ग्रामपंचायतीचा, आणि रस्त्याखालच्या मोरीत राडारोडा अडकला की कोणाचाच नसतो. जून २०२५ मध्ये पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा संगणक अभियंत्यांनी त्याला ‘वॉटर पार्क’ म्हटले, आणि यंत्रणांनी परस्परांच्या हद्दी जितक्या अचूक दाखवल्या, तितक्या त्या एरवी कोणत्याही नकाशात सापडत नाहीत.

खाली वाकड आणि बालेवाडीच्या मधून वाहताना मुळा स्वतःच हद्द होते: एका काठावर पिंपरी-चिंचवड, दुसऱ्यावर पुणे. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. तथापि एका काठावर भराव टाकला की पाणी समोरच्या काठावर चढते, आणि त्याचा जाब विचारायचा तर तो दुसऱ्या महापालिकेच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप ठरतो. जर्मनी आणि फ्रान्स यांनी महायुद्ध संपल्यावर पाच वर्षांत, १९५० साली, शेजाऱ्यांसह ऱ्हाइन नदीसाठी संयुक्त आयोग नेमला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यात युद्ध झालेले नाही, ही येथील मूळ अडचण असावी.

तोवर घाटमाथ्यावरील ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला, जसा जुलै २०२४ मध्ये कोसळला, तर त्या पाण्याला सर्व हद्दींचे ना हरकत दाखले एकाच ठिकाणी मिळावेत म्हणून एक खिडकी योजना आखता येईल. ती खिडकी निळ्या रेषेच्या आत उघडू नये, इतकीच काळजी घ्यावी लागेल.