फोनवर नाही सांगता येणार

मध्य प्रदेशात हट्टा दोन. एक दमोह जिल्ह्यातलं, तहसिलीचं ठिकाण म्हणून जास्त नाव असलेलं. दुसरं बालाघाट जिल्ह्यातलं, जुन्या दगडी बावडीचं. गोंदिया-बालाघाट मार्गावरचं ‘हट्टा रोड’ हे स्टेशन याच हट्ट्याचं. शाळा-कचेरीत हिंदी, चुलीपाशी पोवारी आणि गोंदियाच्या पाहुण्यांशी मराठी, अशी इथल्या कैक घरांतली भाषांची वाटणी. टीव्हीसमोर मात्र तिन्ही भाषा एकदम बाहेर पडतात, आणि पडद्यावर कुणाचा तरी खून व्हायच्या बेतात असला की जरा जास्तच जोरात.

प्रसंग ओळखीचा आहे. टीव्हीवर ‘सीआयडी’ ही तपासाची मालिका लागलेली आहे. घामाघूम झालेला एक इसम एसीपी प्रद्युम्नला फोन लावतो. खुनी कोण हे त्याला कळलेलं आहे, पण नाव फोनवर सांगता येणार नाही म्हणतो. रात्री अमक्या गोदामात भेटा.

‘अबे, फोनवरच सांगून टाक ना!’ नातू ओरडतो.

‘नाही सांगत तो,’ आजी शेंगा सोलता सोलता म्हणते. ‘आता हा मरते पाय.’

आणि तो मरतो. पथक गोदामात पोचतं तेव्हा त्याच्यात एक श्वास उरलेला असतो. या मालिकेत मरणाऱ्यापाशी नेहमी एकच श्वास उरतो आणि तो ‘सर... वो... वो...’ एवढ्यालाच पुरतो. सर्वनामापर्यंत दम टिकतो, विशेषनाम आलं की मान कलते. हट्ट्यातल्या आजींचं व्याकरण शाळेत झालेलं नसेल, पण मान कुठल्या शब्दावर कलणार हे त्या आधी सांगू शकतात.

ही तयारी एका रात्रीत झालेली नाही. ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ला सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८पर्यंत तिचे १,५४७ भाग झाले. वीस वर्षं एवढे खून पाहिल्यावर कुणालाही त्यातली रीत कळते. सुरुवातीच्या खुनात मरणाऱ्याचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा एका शब्दाचं असतं: ‘तुम?’ फारच बोलका असला तर ‘तुम यहाँ?’ म्हणजे खुनी त्याच्या ओळखीचा आहे, कॅमेऱ्याच्या ओळखीचा आहे, हातातल्या काळ्या मोज्यांच्याही ओळखीचा आहे; ओळख नाही ती फक्त प्रेक्षकाची. ‘अरे रमेश, तू इथे कसा?’ असं पूर्ण, घरगुती वाक्य कुणी बोलत नाही. खऱ्या आयुष्यात दारात ओळखीचा माणूस दिसला की आपण आधी त्याचं नाव घेतो, मग चहाचं विचारतो.

पण यात मरणाऱ्याचा काय दोष? तो पटकथाकाराच्या पगारावर आहे. त्यानं नाव घेतलं तर पहिल्या जाहिरातीच्या आत भाग आटोपेल. मग पथकातल्या दयानं दरवाजा कशासाठी तोडायचा, त्याच्या जोडीदार अभिजीतनं संशयिताकडे डोळे बारीक करून कशासाठी बघायचं आणि प्रयोगशाळेतल्या डॉ. साळुंख्यांनी नखांखालची माती नळीत घालून कशासाठी हलवायची? जिवंतपणी जे दोन शब्दांत सांगता आलं असतं ते मेल्यावर प्रयोगशाळेत रंग बदलणाऱ्या द्रवातून सांगायचं, यावरच तर मालिकेचा संसार चालतो.

गंमत म्हणजे हा संसार मराठीत थाटला गेला. ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग मुंबई दूरदर्शनवर वृत्त-कॅमेरामन होते. ‘सीआयडी’च्या आधी त्यांनी दूरदर्शनसाठी मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही मालिका केली. नाव पोलिसांच्या १०० क्रमांकावरून, कथा मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवरून. त्यात पोलीस अधिकारी होते शिवाजी साटम, जे नाटक-सिनेमात रमण्याआधी बँकेत रोखपाल होते. नोटा मोजायची सवय असलेल्या माणसाकडे मुडदे मोजायचं काम आलं आणि त्यांनी तेही चोख केलं. हवेत बोटं फिरवत ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणणारे प्रद्युम्न ते हेच.

आता पडद्यापासून जरा दूर, नागपूरला जाऊ. १२ फेब्रुवारी १९५६. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, म्हणजे हट्टा आणि नागपूर एकाच राज्यात. गिरणीकामगारांच्या दोन गटांतल्या वैरातून रात्री एका माणसावर हल्ला झाला. त्याला मेयो इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टरनं विचारलं तेव्हा त्यानं नावं सांगितली. पोलीस अधिकाऱ्यानं विचारलं, तेव्हाही सांगितली. मध्यरात्रीच्या आत दंडाधिकारी आले, त्यांनाही सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. ‘वो... वो...’ नाही, गोदाम नाही, भेटल्यावर सांगतो नाही. नागपूर पुढे मुंबई राज्यात गेलं, म्हणून खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या नावानं हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर १९५७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की मृत्युपूर्व जबानी खरी आणि भरवशाची वाटली, तर दुसऱ्या पुराव्याच्या आधाराशिवायही तिच्यावर शिक्षा देता येते. वकिलीच्या वर्गात हा निकाल आजही शिकवतात. पटकथालेखनाच्या वर्गात तो शिकवत असतील असं वाटत नाही.

कायदा शेवटच्या शब्दांना किती मान देतो, हे पाहिलं की टीव्हीवरच्या बळींचा खरोखर राग येतो. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ३२ आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६, दोन्हींत मरणाऱ्याचे शब्द पुरावा म्हणून घ्यायची सोय आहे. इंग्लंडच्या जुन्या नियमात बोलणाऱ्याला आपण आता वाचत नाही याची पक्की खात्री असावी लागे. आपल्याकडे तीही अट नाही. बोलताच यायला हवं असंही नाही. १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलेल्या खटल्यात गळा चिरलेल्या तरुणीला आवाज फुटत नव्हता. तिला एकेक नाव विचारलं, तिनं हातानं खूण केली, आणि न्यायालयानं ती खूण तोंडी जबानीच्या बरोबरीची मानली. २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं डॉक्टरचा दाखला नसला म्हणून जबानी बाद होत नाही, असंही ठरवलं. एवढी दारं सताड उघडी असताना टीव्हीवरचा माणूस ‘तुम?’ म्हणून मोकळा होतो.

आणि नुसतं ‘अमक्या गावाला जातो’ हेसुद्धा कामाला येतं. मार्च १९३७ मध्ये पुरी स्टेशनवर रेल्वेच्या डब्यात एक पेटी सापडली, तिच्यात मृतदेह होता. त्या माणसानं निघताना बायकोला सांगितलं होतं की बेरहामपूरला येणं वसूल करायला चाललोय, तिकडून तसं पत्र आलंय. आपण मरणार हे त्याच्या गावीही नव्हतं. तरी १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं ते बोलणं पुराव्यात घेतलं. घरातून बाहेर पडताना ‘येतो जरा’ एवढंच पुटपुटणाऱ्या समस्त पुरुषवर्गानं हा पाकला नारायण स्वामी खटला जरूर लक्षात ठेवावा.

परदेशातले मरणारे जास्त कष्टाळू. अमेरिकेच्या ‘कोलंबो’ मालिकेत खून कुणी केला हे प्रेक्षकाला आधीच दाखवतात, त्यामुळे मरणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालायची गरजच नसते. तरीही १९७७च्या एका भागातल्या गड्यानं कमाल केली. रहस्यकथा लिहिणारी वृद्ध लेखिका ॲबिगेल मिचेल त्याला हवाबंद तिजोरीच्या खोलीत कोंडून निघून जाते. आत तिच्याच कादंबरीचं हस्तलिखित. तो त्याचं शीर्षकपान असं फाडतो की उरलेल्या शब्दांतून ‘माझा खून ॲबिगेल मिचेलनं केला’ एवढंच वाचता यावं, तो तुकडा दिव्याच्या होल्डरमध्ये लपवतो आणि तिकडे बोट दाखवणारा बाण काळ्या पेट्यांवर ओरखडून ठेवतो. तोंडातून चकार शब्द नाही, पण नाव, आडनाव आणि पत्ता सगळं दिलं. हट्ट्यातल्या आजींनी या पोराला चहा पाजला असता.

जपान्यांनी तर याचा उद्योगच केला. १९९६पासून चालू असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ मालिकेत मरणारे शेवटच्या क्षणी कोडं घालून जातात आणि शाळकरी पोराच्या देहात अडकलेला गुप्तहेर ते सोडवतो. सुरी पाठीत असताना सरळ नाव लिहायचं सोडून कोडं रचायचं, ही चिकाटी वाखाणण्यासारखी असली तरी शहाणपणाची नाही. आगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३४ मध्ये एका मरणाऱ्याच्या तोंडी ‘इव्हान्सला का नाही विचारलं?’ असा प्रश्न टाकला आणि त्याच नावाची अख्खी कादंबरी लिहिली. तिथेही तेच: माणूस मरताना नाव घेतो, पण नेमकं नको त्याचं.

आपल्या ‘सीआयडी’चा एक विक्रमही याच धंद्यातला. २००४ मध्ये तिनं १११ मिनिटांचा भाग एकाच सलग चित्रणात केला. गिनीज आणि लिम्का या दोन्ही पुस्तकांनी त्याची नोंद घेतली. एवढा वेळ कॅमेरा बंद न होता चालणार, म्हणजे मरणाऱ्याला दुसरी संधी नाही. चुकून नाव निघून गेलं असतं, तर साऱ्यांची मेहनत पाण्यात.

टीव्हीवरच्या शेवटच्या शब्दांवरच काय, मरणावरही विश्वास ठेवू नये असं आजींना वाटायला अलीकडे एक कारण मिळालं. मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये खुद्द एसीपी प्रद्युम्नच स्फोटात गेले. वाहिनीनं श्रद्धांजली वाहिली, लोकांनी हळहळ व्यक्त केली, रागही काढला. मग काही आठवड्यांत साहेब परत हजर. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणाचा पंचनामा करणाऱ्या माणसाला स्वतःच्या मरणाचा कंटाळा लवकर आला असावा.

तेव्हा ‘सीआयडी’च्या पटकथाकारांना हट्ट्याहून एक नम्र विनंती. एकदा, फक्त एकाच भागात, त्या घामाघूम माणसाला फोनवर नाव सांगून टाकू द्या. उरलेला वेळ कसा भरायचा ते डॉ. साळुंखे बघतील, आणि दार तोडायचंच असेल तर दयानं ते सवयीनं तोडावं.