सर्चनाना

इंग्लंडात घर घ्यायचं ठरलं की आपली माणसं बँक किती कर्ज देईल ते विचारतात, शाळा कशी आहे ते विचारतात, देव्हारा कुठल्या भिंतीला येईल तेही बघून ठेवतात. सॉलिसिटर कोण करायचा, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. तो इस्टेट एजंटला पडतो आणि त्याचं उत्तरही त्याच्याच खिशात असतं. ‘आमचे एक नेहमीचे आहेत, लिंक पाठवतो’ असं तो म्हणतो आणि आपण ‘ओके’ म्हणून मोकळे होतो. हे ‘ओके’ नानांच्या कानावर जाऊ नये, अशी काळजी रेडिंगची मराठी मंडळी घेतात. तरी जातंच.

नाना वकील नाहीत. चाळिशीत पुण्याहून आले, एका कंपनीत हिशेब बघितले, निवृत्त झाले. इथे एक घर घेतलं, ते विकून दुसरं घेतलं. एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढची सारी कारकीर्द उभी केली. स्लाउ, हॅरो, मिल्टन कीन्स, जिथे म्हणून चार मराठी घरं आहेत तिथे असा एक जण असतोच. कुठे त्याला भाऊ म्हणतात, कुठे काका. आमच्याकडे सर्चनाना, कारण घर घेणारा भेटला की नानांच्या तोंडून ‘कसा आहेस’च्या आधी ‘सर्च आले का?’, म्हणजे घराच्या चौकशीचे अहवाल आले का, असं निघतं.

या वेडाचं मूळ सिंहगड रस्त्याकडच्या दोन गुंठ्यांत आहे. तरुणपणी ते घेताना नानांनी तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी खेपा घातल्या, एकेका फेरफाराचा माग काढला, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तीस वर्षांच्या सर्चसाठी वकिलाच्या कारकुनाशेजारी बसून इंडेक्स टूची पानं उलटली. इथे आल्यावर लँड रजिस्ट्री बघून त्यांची निराशाच झाली. १८६२ सालचं खातं, नोंद झालेल्या कुठल्याही घराचा मालक कोण आणि त्यावर बोजा कुणाचा हे सात पौंड टाकले की कुणालाही घरबसल्या दिसतं. ना ओळख लागते, ना चहा पाजावा लागतो. “मग आपण करायचं काय?” असं नानांनी तेव्हा खरोखरच विचारलं होतं म्हणतात.

करण्यासारखं त्यांनी शोधून काढलं. इथल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी पुण्याचं नाव दिलं. करारांची अदलाबदल, ज्याला इथे एक्स्चेंज म्हणतात, ते नानांचं साठेखत. तेव्हा भरायचे दहा टक्के म्हणजे विसार. कम्प्लीशन म्हणजे खरेदीखत आणि ताबा. “आणि साठेखत होईपर्यंत सगळं हवेत, बरं का,” असं ते बजावतात. यात खोटं काही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तोंडी होकाराला किंमत नाही, जमिनीचा करार लेखीच लागतो. आपल्याला हो म्हणून झाल्यावर मालक पाच हजार जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. नवं जोडपं होकाराचा मेल आल्याबरोबर पेढे वाटायला निघतं तेव्हा नाना एक पेढा घेतात, खातात आणि सांगतात, “उरलेले फ्रीजमध्ये ठेवा.”

मागे असंच एक जोडपं तावडीत सापडलं. दोघंही संगणकातली.

“सॉलिसिटर कुठला?”

“ऑनलाइन आहे नाना. ॲप आहे त्यांचं, कुठपर्यंत आलं ते दिसतं.”

“बसतो कुठे?”

“कोण?”

“अरे, तुझा सॉलिसिटर!”

“बहुतेक मँचेस्टरला.”

“बहुतेक!” नानांनी आपल्या बायकोकडे बघितलं. “आयुष्यभराची कमाई ज्याच्या खात्यात घालायची, तो बहुतेक मँचेस्टरला बसतो.”

मग शिकवणी सुरू झाली. एजंटने नाव सुचवलं तर त्यामागे त्याला काही मिळतं का ते आधी विचारायचं. मिळत असेल तर ते सांगणं त्याला भाग आहे. दर बघायचे ते पूर्ण. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरांच्या कामाचे दर जाहीर करावे लागतात, पण वरचा आकडा लहान आणि खालची शेपटी लांब असते. लीजहोल्ड फ्लॅटचे वेगळे, बँकेतून पैसे पाठवायचे वेगळे, ओळखपत्र तपासायचे वेगळे, आईवडिलांनी पैसे दिले असतील तर त्याचेही वेगळे. आपली कर्ज देणारी बँक या फर्मला मानते का, तिच्या पॅनेलवर ती आहे का, हे पहिल्याच फोनवर. आणि सर्वांत मोठा प्रश्न, जो नाना इंग्रजीतही मराठी चालीवर विचारतात: “माझी फाइल कोणाच्या टेबलावर?” ज्या फर्ममध्ये याचं उत्तर ‘आमची टीम’ असं येतं, ती नानांच्या वहीतून तिथेच बाद. टीम रजेवर जात नाही, आजारी पडत नाही, आणि फोनही घेत नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे.

फर्मना ऑनलाइन मिळणाऱ्या ताऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. पाच तारे देणाऱ्याला वाटेच्या हक्काचा दस्त बरोबर वाचला गेला की नाही हे कसं कळणार? त्याने तारे दिले ते किल्ल्या मिळाल्या म्हणून. हे मलाही पटतं. डॉक्टर चुकला तर दुखतं तरी. सॉलिसिटर चुकला तर ते बारा वर्षांनी, घर विकताना, समोरच्याच्या सॉलिसिटरकडून समजतं.

म्हणून नाना परीक्षा घेतात. दुपारी एकच्या सुमारास जाऊन रिसेप्शनवर जेवणाच्या सुटीत कुणी असतं का बघतात. अशा परीक्षांतून तावूनसुलाखून निघालेली एकच फर्म आहे. चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला, लाकडी जिना, दाराला पितळी पाटी आणि आत साठीला टेकलेल्या एक इंग्रज बाई. त्यांना नानांचं आडनाव उच्चारता येत नाही. त्या ‘मिस्टर नाना’ म्हणतात.

नानांचा पत्ता तिथे साधारण पावणेदहाला लागतो. कारण सरळ आहे. इंग्लंडात पेन्शनीचं वय झालं की बसचा पास फुकट, पण कामाच्या दिवशी तो साडेनऊनंतर चालतो. दुसरा शोध नानांना पहिल्याच व्यवहारात लागला होता: घराच्या कामाची फी बहुधा ठरीव असते, तासावर नसते. म्हणजे पुण्याच्या वकिलासारखं इथेही बसता येतं आणि बसल्याचे पैसे पडत नाहीत. बाईंनी एकदा अतिशय सभ्य इंग्रजीत कळवलं होतं की दररोज चौकशी केल्याने कौन्सिलचा सर्च लवकर येत नाही. नानांनी ते पत्र जपून ठेवलंय. “बघ, उत्तर देतात!”

बाईंकडून नानांनी रेडिंग शिकून घेतलं. या गावच्या लाल विटा नावाजलेल्या. कोली भागात भट्ट्या होत्या आणि खाली चुनखडीच्या खाणी. २००० सालच्या जानेवारीत फील्ड रोडवर अशी एक जुनी खाण खचली, रस्त्याला भगदाड पडलं आणि लोकांना राहती घरं सोडावी लागली. कॅव्हर्शमच्या सखल भागात थेम्स १९४७ साली घुसली होती, २०१४ साली पुन्हा चढली. हे सगळं हल्ली पर्यावरणाच्या सर्चमध्ये कुठल्या तरी पानावर रंगवून येतं. पण रंगवलेलं पान मँचेस्टरलाही दिसतं. रस्त्याचं नाव ऐकून चष्मा काढणं मात्र बाईंनाच जमतं. त्या चष्मा काढतात आणि नाना खुर्ची पुढे ओढतात. इथला सॉलिसिटर घर बघायला जात नाही, ते काम सर्व्हेअरचं, हे ठाऊक असल्याने नाना स्वतः जातात. नकाशावर कुंपणाच्या रेघेला टेकवलेलं इंग्रजी ‘टी’ अक्षर कुणाच्या बाजूला आहे, म्हणजे ते कुंपण सांभाळायचं कुणी, हे पावसात छत्री धरून पडताळतात. शेजाऱ्याला वाटतं, कौन्सिलचा माणूस.

त्याबदल्यात नानांनी बाईंना महाराष्ट्र शिकवला. घरासाठी पैसा आला कुठून, हे सॉलिसिटरला काळ्या पैशाविरुद्धच्या नियमांपायी खोदून विचारावं लागतं. आपल्याकडचा पैसा येतो वडिलांच्या मोडलेल्या एफडीतून, मामांनी परत केलेल्या उसन्यातून, आईच्या पीपीएफमधून. ॲपवरच्या पोराला पासबुक म्हणजे काय हेच समजत नाही. तो ‘स्टेटमेंट अपलोड करा’ म्हणत राहतो आणि इकडे कोथरूडचे बाबा बँकेच्या काउंटरवर शिक्का मारून घेतायत. बाईंना आता पीपीएफ पंधरा वर्षांनी पिकतो हे पाठ आहे. परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, हेही. सप्टेंबरात ताबा ठरवताना त्या स्वतःच विचारतात, “मिस्टर नाना, तो पंधरवडा कधीपासून आहे?” पितृपक्षात किल्ल्या घ्यायच्या नाहीत, हे बर्कशरच्या एका कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेलं आहे आणि ते नानांचं कर्तृत्व आहे.

विकणाऱ्याने भरायचे फॉर्म हा त्यांचा आणखी एक आनंद. शेजाऱ्याशी भांडण झालंय का, या रकान्यापाशी आपली माणसं अडखळतात. “आमटीच्या वासावरून एकदा बोलले होते, ते लिहायचं का?” असा प्रश्न खरंच आला होता. दुसरा फॉर्म घरात काय राहणार आणि काय जाणार याचा: पडद्याच्या दांड्या, दिवे, बागेतली शेड. एका घरातला सागवानी देव्हारा भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला होता. पक्का म्हणजे घराचा भाग, सुटा म्हणजे सामान. देव कुणाचे, यावर नाना आणि बाई यांची पाऊण तास चर्चा झाली. शेवटी देव पुण्याच्या पत्त्यावर आणि देव्हारा डर्बीच्या इंग्रज जोडप्याला गेला. त्यांनी त्यात वाइनच्या बाटल्या ठेवल्यात, हे नानांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

विसाराचे पैसे पाठवायच्या आधी नाना स्वतः जिना चढून खातेक्रमांक बाईंच्या तोंडून ऐकतात आणि कागदाशी ताडून बघतात. याला लोक हसायचे. ‘आमचा खातेक्रमांक बदलला आहे’ असा सॉलिसिटरच्या नावाने खोटा मेल पाठवून लोकांची जन्माची पुंजी नेण्याचे प्रकार इथे इतके झालेत, की आता प्रत्येक फर्मच मेलच्या तळाशी तसा इशारा छापते. हसणारे आता कमी झालेत.

तरीही खरं सांगायचं तर बाई काही वेगवान नाहीत. मेल छापून वाचतात आणि उत्तर पत्राने पाठवतात. शुक्रवारी ताबा असला तर एकमेकांच्या विक्रीवर अडलेल्या साखळीतल्या चार घरांना घाम फुटतो. आणि ते मँचेस्टरवालं जोडपं? त्यांचा व्यवहार ॲपवर बिनबोभाट, ठरल्या दिवशी पार पडला. वास्तुशांतीला नाना गेले, जेवले, आणि सबंध वेळ भिंतींकडे अशा नजरेने बघत राहिले की यजमानांनी दुसऱ्याच आठवड्यात तडे बघायला माणूस बोलावला. तडे नव्हते. नानांच्या ते मनाला लागलं.

सॉलिसिटर आपल्या गावचा हवा की घराच्या गावचा, यावर नानांचं मत ठाम आहे: घराच्या गावचा. माझ्या भाच्याने डॉन्कास्टरला घर बघितलं तेव्हा नाना म्हणाले, तिथे कोळशाच्या खाणींचा सर्च लागेल, तिथलाच माणूस बघू. आणि पास सबंध इंग्लंडात चालतो म्हणून गावोगावच्या साध्या बस बदलत डॉन्कास्टर गाठायचं वेळापत्रकही त्यांनी काढलं. कुठेशी मुक्काम करावा लागत होता, म्हणून ते बारगळलं.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी एडिंबरोला घर घेत असल्याचं बोललं. आम्ही सगळ्यांनी नानांकडे बघितलं. स्कॉटलंडचा कायदा निराळा, तिथे वकीलच घरं विकायलाही मांडतात, बोली वकिलामार्फत लावायची, आणि साठेखताच्या जागी वकिलांची आपसातली पत्रं. म्हणजे नानांना पुढची दहा वर्षं पुरेल इतकं काम.

नानांनी मसालेदूध संपवलं, मिशा पुसल्या.

“स्कॉटलंडचं तुझं तू बघ,” ते म्हणाले. “तिथे आपला पास चालत नाही.”