पाळकाचा हिशेब कोण घेणार?

रवी झकरायस मे 2020 मध्ये वारले. श्रद्धांजली सभेत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलले. मद्रासमध्ये जन्मलेला, दिल्लीत वाढलेला हा माणूस ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडत जगभर फिरला. विद्यापीठांची सभागृहं भरायची. भारतातही चाहते कमी नव्हते.

नऊ महिन्यांनी अहवाल आला.

त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांनी फेब्रुवारी 2021 मध्ये काय लिहिलं? फोनमध्ये मसाज करणाऱ्या दोनशेहून अधिक जणांचे नंबर. महिलांचे दोनशेहून अधिक फोटो. अनेकींनी सांगितलेला लैंगिक छळ, एकीने सांगितलेला बलात्कार. आणि त्यांतल्या काहींना जाणारे पैसे संस्थेच्या मदतनिधीतले. म्हणजे भाविकांनी दिलेले.

विश्वस्त मंडळ नव्हतं का? होतं. 2017 मध्ये एका महिलेने तोंड उघडलं, तेव्हा ते झकरायस यांच्या पाठीशी उभं राहिलं. विश्वस्तांची नावंही बाहेर जाहीर नव्हती. ज्यांची नावंच कळत नाहीत, त्यांच्याकडे दाद कुणी मागायची?

चिकाटीने प्रश्न विचारत राहिला तो एक नास्तिक वकील. देवाच्या माणसाला तपासायला देव न मानणारा पुढे आला. ही लाज कुणाची?

इंग्लंडचंही तेच. ख्रिस्ती शिबिरं चालवणाऱ्या जॉन स्माइथने कोवळ्या मुलांना अमानुष मारहाण केली. कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांच्या कानावर ते 2013 मध्ये आलं. पाठपुरावा धड झाला नाही. वेल्बींनी राजीनामा दिला नोव्हेंबर 2024 मध्ये.

स्माइथ 2018 मध्येच मेला. शिक्षेविना.

आता उलट उदाहरण. 1948 मधलं मोडेस्टो, कॅलिफोर्निया. जेमतेम तिशीचे प्रचारक बिली ग्रॅहम आणि तीन सहकारी एकत्र बसले. प्रचारक कशाने घसरतात याची यादी केली: पैसा, लैंगिक मोह, स्थानिक मंडळ्यांची निंदा, गर्दीचे फुगवलेले आकडे. प्रत्येकावर नियम ठरवला. पुढे ग्रॅहम यांनी संस्थेकडून ठरावीक पगार घेतला. त्यांचा देवावर विश्वास कमी होता का? मुळीच नाही. स्वतःवर आंधळा विश्वास नव्हता, एवढंच.

‘अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये’, असं मंडळीत लगेच कुणीतरी सुनावतं. दावीदही अभिषिक्तच होता ना? नाथान संदेष्ट्याने त्याचा गुन्हा त्याच्या तोंडावर सांगितला. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत सुनावलं. आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा न्यायची वेळ आली, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली. कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून.

प्रेषिताला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते पाळकाला का वाटावं?

आपल्याकडची वार्षिक सभा आठवा. उपासना संपलेली, चहाचे कप फिरताहेत. सेक्रेटरी जमाखर्च भरभर वाचतो. प्रत कुणाच्याच हातात नाही. ‘मंजूर?’ ‘मंजूर!’ वर्षभराचं अर्पण दोन मिनिटांत निकालात. म्हातारीने पेन्शनमधून काढलेला दशांशही त्यातच.

कुठे कुठे तर पाळक अध्यक्ष, पत्नी खजिनदार, मेव्हणा सेक्रेटरी. मग गैरव्यवहार दिसलाच, तर ठराव कोण मांडणार?

विचारलं की पाळकाचा अपमान होतो, हा समज आधी सोडा. झकरायस यांना वेळीच कुणी अडवलं असतं, तर कितीतरी बायका वाचल्या असत्या. कदाचित तेही. त्यांच्या आदरापोटी गप्प बसलेल्यांनी त्यांचंही भलं केलं नाही.

बहुतेक पाळक तुटपुंज्या पगारात प्रामाणिकपणे राबतात. त्यांच्यासाठी तर चोख हिशेब हीच ढाल आहे. खोट्या आरोपाला दुसरं उत्तर कुठलं?

तेव्हा येत्या वार्षिक सभेत हात वर करा. जमाखर्चाची प्रत मागा. पाळकाचा पगार कोण ठरवतं, विचारा. पाळकाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची आणि तो माणूस पाळकाचा नातेवाईक नाही ना, हेही विचारा.

उत्तर देणारा पाळक जपा. चिडणाऱ्याला पुन्हा विचारा.