कूलरसमोरची रांग

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची पोरं जूनच्या मध्याला दप्तर पाठीवर टाकून निघतात, तेव्हा आमच्या नाचणगावची पोरं अजून आंब्याच्या कोया चोखत बसलेली असतात. सरकारनं ही सवलत ऊन पाहून दिली. तिचा अर्धा लाभ उवा उचलतात, हे मात्र कुणा साहेबाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

मे महिन्यात आमच्या पुलगाव-नाचणगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळतो. घरात खोल्या चार असल्या तरी धड चालणारा कूलर बहुधा एकच. सुट्टीत नागपूरची, अमरावतीची, यवतमाळची भाचरं-पुतणी गोळा झाली की रात्री त्या एकाच खोलीत सतरंज्या पडतात आणि सगळ्यांची डोकी कूलरकडे होतात. पाय तापले तरी चालतात, डोकं गार पाहिजे. मोठी आत्या मधे, लहान पोरं तिच्या दोन्ही बाजूंना, आणि केसांना केस लागलेले. उवेला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. सहा पायांच्या सहा आकड्यांनी केस धरायचा आणि शेजारचा केस हाताशी आला की त्यावर जायचं, एवढीच तिची मजल. पण कूलरसमोरच्या या रांगेत तिला तेवढंच पुरतं. पुलगावहून आर्वीला जाणारी जुनी छोटी गाडी जशी थांबत थांबत जायची, तशी ती सकाळपर्यंत पहिल्या डोक्यावरून शेवटच्या डोक्यावर पोचते.

मजा पुढेच आहे. पहिल्यांदाच उवा झालेल्या डोक्याला खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. ऊ रक्त पिताना जी लाळ सोडते, तिचं वावडं अंगाला उमगायलाच तेवढा वेळ जातो. म्हणजे मे महिन्यात कूलरसमोर चढलेली ऊ जून संपता संपता, शाळा उघडल्यावर, कानामागं आणि मानेवर खाजू लागते. पाहुणे केव्हाच गेलेले असतात. मग आळ कुणावर? बाकावर शेजारी बसणाऱ्या पोरीवर! तिची आई म्हणते, ‘‘आमच्या पोरीच्या डोक्यात नाही बाई, तुमच्याच इकडून आल्या असतीन.’’ दोघी आयांचं दिवाळीपर्यंत बोलणं बंद. आणि आत्या नागपुरात निवांत डोकं खाजवत बसलेली.

उवा म्हणजे घाण, ही समजूत कुठून आली कोण जाणे. उवेला स्वच्छ डोकं आणि मळकं डोकं असा भेद कळत नाही. तिला ऊब हवी आणि दिवसातून चार-पाच वेळा रक्त हवं. माणसाच्या डोक्याशिवाय तिला दुसरं घर नाही. मांजर नको, कुत्रं नको. ही सोबत फार जुनी. इस्राएलमधल्या लाकीश या ठिकाणी हस्तिदंताची एक छोटी फणी सापडली, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर काही अक्षरं कोरलेली आहेत हे बऱ्याच उशिरा कळलं आणि 2022 मध्ये ती वाचली गेली. या फणीनं केसांतल्या आणि दाढीतल्या उवांचं निर्मूलन होवो, असा त्यांचा आशय. मुळाक्षरांत लिहिलेलं आजवर सापडलेलं सगळ्यांत जुनं पूर्ण वाक्य तेच, असं ती वाचणारे सांगतात. माणसाच्या हाती अक्षरं आली आणि त्याला आधी उवा आठवल्या. शेजारणीनं एवढं तरी समजून घ्यावं.

आमच्याकडे हा कार्यक्रम दुपारी ओसरीवर होतो. सगळ्यांत पुढे पोर, तिच्या मागं आई, आईच्या मागं आजी, आणि प्रत्येकीची बोटं पुढचीच्या केसांत. गावातल्या बातम्या इथं आधी येतात, मोबाइलवर मागाहून. ‘‘हालू नको वं! पयाली ना ते,’’ आजी पोरीच्या पाठीत धपाटा घालते. मग दोन अंगठ्यांची नखं एकमेकांवर येतात आणि टच्‌ असा आवाज होतो. तो ऐकून आजीच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते कीर्तनातसुद्धा उमटत नाही. लीख निघायला मात्र नेट लागतो. मादी केसाच्या मुळाशी अंडं असं डकवते की डोकं कितीदा धुतलं तरी ते सुटत नाही. दोन नखांच्या चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढतच न्यावं लागतं.

आजीचं एक शास्त्र शंभर टक्के खरं: आधी डोकं तेलानं चपचपीत करायचं, मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवायची आणि दर फेरीला पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कोरड्या केसांत ऊ सुसाट पळते. ओल्या किंवा तेलकट केसांत ती जागच्या जागी थबकते, आणि फणीही अडत नाही. बाकीच्या शास्त्रांविषयी मात्र आजीशी भांडावं. सीताफळाच्या बियांची पूड उवांना मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम करते. राकेल चोपडलेलं डोकं घेऊन पोर चुलीजवळ गेलं तर काय होईल, ते मला लिहवत नाही. आणि आपला मुलूख कपाशीचा, फवारणीचं औषध घरात पडलेलंच असतं. त्याला तर हातही लावू नये. 2017 मध्ये नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच फवारणीनं शेतकऱ्यांचे जीव घेतले. औषध घ्यायचंच तर डॉक्टरांना किंवा दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून, उवांसाठीच केलेलं घ्यावं. पर्मेथ्रिनसारखं औषध लिखांना पुरतं मारत नाही, म्हणून ते आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. हा दुसरा हप्ता नव्वद टक्के घरं विसरतात असा माझा संशय आहे.

घरातली सफाई हा आणखी एक सोहळा. पोरीच्या डोक्यात ऊ दिसली की गाद्या गच्चीवर, पडदे बादलीत, फिनाइल कोपऱ्याकोपऱ्यात. एवढी धास्ती बहुधा पंचतंत्रानं घातली असावी. त्यात राजाच्या पलंगावर मंदविसर्पिणी नावाची ऊ चादरीत सुखानं राहत होती. पाहुणा आलेला ढेकूण राजाला भलत्या वेळी चावून पळाला आणि मारली गेली ती बिचारी. पण चादरीतली ती ऊ अंगावरच्या कपड्यांत राहणारी, निराळी जात. टायफस तापाचा फैलाव तिच्यामार्फत होतो हे शार्ल निकोल यांनी 1909 मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल 1928 चं नोबेल मिळवलं. डोक्यातली ऊ खाज देते, झोप मोडते, आयांची भांडणं लावते; तापाचा तो उद्योग तिचा नव्हे. डोक्यावरून खाली पडली तर ती एक-दोन दिवसांत मरते. तेव्हा फण्या, टॉवेल आणि उशांचे अभ्रे कढत पाण्यातून काढले की भागलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी निम्मं काम आपसूकच करतं. पडद्यांना उगाच शिक्षा नको.

तशीच पोरींच्या केसांनाही नको. शाळा उघडायच्या तोंडावर लांब वेण्या कापून डोकं भादरण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. पोरीला वर्षभर पुरेल इतकं रडू येतं आणि वर्गात कारण सगळ्यांना कळतं ते वेगळंच. केस तसेच ठेवून फणी चालते, फक्त बसायला वेळ लागतो. तोच कुणाकडे नसतो, म्हणून कात्री.

हिशेब सोपा आहे. लिखेतून पिल्लू साधारण आठवड्याभरात बाहेर येतं आणि त्याला स्वतः अंडी घालायला आणखी नऊ-दहा दिवस लागतात. या मधल्या काळात दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवली, तर दोन आठवड्यांत वंश बुडतो. पण ती फणी एकाच डोक्यात फिरवून उपयोग नाही. तेव्हा पोरीच्या डोक्यात ऊ सापडली की शेजारणीवर आळ घेण्याआधी नागपूरच्या आत्याला फोन लावा, अमरावतीच्या काकूला लावा, आणि कूलरसमोर झोपलेली सगळी डोकी एकाच रविवारी तपासायला सांगा. लाजू नका, त्यांच्याही डोक्यात असतीलच.